देहाचे वजन आणि देहाचा कस

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



यंदाच्या संमेलनात मी चार शब्द बोलावेत अशी आज्ञा मंडळाच्या चिटणीसांनी केली, तेव्हा मी मुलांच्या अभ्यासावर किंवा एखाद्या संतचरित्रावर बोलेन अशी त्यांची समजूत असावी. मी निवडलेला विषय ऐकून ते क्षणभर गप्प झाले. मी वैद्य नाही, डॉक्टर नाही. मॅट्रिक होऊन मास्तरकी पत्करली आणि खडू-फळ्याच्या सहवासात आयुष्य घालवून निवृत्त झालो. अशा माणसाने शरीरातील पेशींच्या वार्धक्याविषयी बोलावे हे धाडसच होय. परंतु या विषयाने माझ्या घरात पंचवीस वर्षे मुक्काम ठोकला आहे, आणि त्याच्या अज्ञानापायी माझ्या हातून एक अन्याय घडला आहे. जे शिकलो ते डॉक्टरांना विचारून, वाचून आणि विज्ञान शिकणाऱ्या माझ्या भाचीकडून पुन:पुन्हा समजावून घेऊन शिकलो. त्यात माझे असे काही असेल तर ती एक चूक आहे. आणि ती सांगण्यासाठीच मी उभा आहे.

ही हकीकत माझ्या धाकट्या बहिणीची आहे. ती सांगण्याची परवानगी मी तिच्याकडून घेतली आहे. तिने एकच अट घातली, “दादा, माझी कीव येईल असे काही बोलू नकोस.” ती अट पाळण्याचा मी प्रयत्न करतो.

लग्नानंतर चौथ्या वर्षी तिच्या दोन्ही हातांची बोटे सकाळी आखडू लागली. कणीक मळताना मूठ वळेना. उन्हे वर येईपर्यंत बोटे मोकळी होत नसत. घरच्यांनी बाळंतवाऱ्याचे नाव घेतले, शेजाऱ्यांनी वाताचे. सहा महिन्यांत मनगटे सुजली. पुढे कोणीतरी एका गावी पुड्या देणारा माणूस आहे असे सांगितले. त्या पुड्यांनी चार दिवसांत जादू व्हावी तसे झाले. सूज उतरली, ती चालू-फिरू लागली, आणि सर्वांनी त्या माणसाला दुवा दिला. मात्र वर्षभरात तिचे वजन ४६ किलोंवरून ६० किलोंवर गेले. चेहरा वाटोळा झाला, मानेमागे मांस चढले. ज्ञातीतल्याच एका लग्नात पंगतीत कोणी म्हणाले, “सासर चांगलेच मानवले हो!” सगळे हसले. मीही हसलो. त्याच रात्री मी तिला थोरल्या भावाच्या अधिकाराने सुनावले की आधी जिभेवर ताबा ठेव, म्हणजे सांधे आपोआप बरे होतील. ती काही बोलली नाही. त्यानंतर पुष्कळ वर्षे ती ज्ञातीच्या कोणत्याही कार्याला आली नाही.

त्या रात्री मला काय ठाऊक नव्हते ते आता सांगतो.

आमवात, ज्याला डॉक्टर ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात, हा झिजेचा रोग नव्हे. तो ऑटोइम्यून वर्गातला, म्हणजे स्वतःच्याच रक्षकांनी स्वतःवर उठण्याचा रोग आहे. आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशी बाहेरून आलेल्या जंतूंना ओळखून मारतात. या रोगात त्यांची ओळख चुकते आणि त्या सांध्याच्या आतल्या अस्तरालाच परका समजून त्यावर तुटून पडतात. विसाव्या शतकाच्या आरंभी पाउल एर्लिख या थोर जर्मन शास्त्रज्ञाचे मत असे होते की शरीर आपल्याच अंगावर उठणे टाळते, तशी निसर्गाचीच योजना आहे. १९१२ साली हाकारू हाशिमोतो या जपानी शल्यवैद्याने थायरॉइड ग्रंथीच्या एका विचित्र रोगाचे वर्णन केले. तथापि त्याचे मर्म कळण्यास १९५६ साल उजाडावे लागले. त्या वर्षी लंडनमधील संशोधकांना अशा रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच थायरॉइडविरुद्ध तयार झालेली प्रतिद्रव्ये सापडली. घराची राखण करणारा घरातल्याच माणसांवर काठी उगारू शकतो, ही गोष्ट तेव्हापासून मान्य झाली. आमवात, ल्युपस, सोरायसिस, हाशिमोतोचा थायरॉइड-विकार ही सर्व याच गोत्रातील मंडळी होत.

हे रोग दुर्मिळ आहेत असे समजू नये. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ साली घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी करण्यात आली. चार हजारांवर प्रौढ माणसे तपासली गेली. त्यांत दर दोनशेंमागे सुमारे एकाला आमवात आढळला. या सभागृहात आज तीन-चारशे माणसे आहेत. हिशेब आपणच करावा. शिवाय हा रोग पुरुषांपेक्षा स्त्रियांना सुमारे तिप्पट होतो, आणि ल्युपसचे तर दहांपैकी नऊ रुग्ण स्त्रियाच असतात. म्हणजे हा भार मुख्यतः आपल्या लेकी-सुनांवर पडतो.

आता पेशींच्या वार्धक्याकडे वळू. माणूस म्हातारा होतो हे आपण पाहतो. परंतु पेशीही म्हातारी होते, ही गोष्ट १९६१ साली अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे लिओनार्ड हेफ्लिक यांनी दाखवून दिली. मनुष्याच्या शरीरातील साधी पेशी काचपात्रात वाढविली तर ती सुमारे पन्नास वेळा दुभंगते आणि मग थांबते. ती लगेच मरत नाही, पण तिची वाढ खुंटते. ती थांबण्याचे एक मोठे कारण पुढे कळले. पेशीच्या पोटात आनुवंशिकतेचे धागे असतात, त्यांना गुणसूत्रे म्हणतात. प्रत्येक धाग्याच्या दोन्ही टोकांना एक आवरण असते, त्याला टेलोमिअर असे नाव आहे. त्यात सहा अक्षरांचा एकच शब्द हजारो वेळा लिहिलेला असतो. त्या शब्दाला स्वतःचा असा निरोप नाही. आतला मजकूर सुरक्षित ठेवणे एवढेच त्याचे काम.

आपण सोनार मंडळी. आपल्याला हे चटकन समजेल. पटवेकरी जेव्हा मणी आणि पदके रेशमात गाठवतो, तेव्हा तो टोकाला थोडा दोरा राखून ठेवतो, पीळ देतो आणि गोंडा बांधतो. अलंकार पुन्हा गाठवायला आला म्हणजे टोकाचा थोडा दोरा कापला जातो. आतले मणी शाबूत राहतात, कारण कापणीचे दुःख टोक सोसते. परंतु एकाच दोऱ्यावर पुन:पुन्हा ही वेळ आली, तर एक दिवस असा येतो की पुढची कापणी मण्यांवर येईल. शहाणा पटवेकरी तेथे हात थांबवितो. पेशीही तेच करते. प्रत्येक दुभंगण्याबरोबर टेलोमिअर थोडे आखूड होते, आणि फार आखूड झाले म्हणजे पेशी दुभंगणे सोडून देते. हे टोक पुन्हा लांबविणारे टेलोमरेज नावाचे द्रव्यही काही पेशींत असते. या सर्व शोधांबद्दल एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरल ग्रायडर आणि जॅक शोस्टाक यांना २००९ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

अशी थांबलेली पेशी निरुपद्रवी असती तर चिंता नव्हती. पण ती स्वस्थ बसत नाही. ती आजूबाजूला दाह उत्पन्न करणारी द्रव्ये सोडीत राहते. तरुणपणी शरीर अशा पेशी झाडून काढते. वय वाढते तशी ही झाडलोट मंदावते.

आता हे दोन धागे एकत्र आणू. ऑटोइम्यून रोगात रक्षक पेशींना विश्रांती नसते. लढाई सतत चालू, म्हणून दुभंगणेही सतत चालू. त्यातच, छातीच्या हाडामागे थायमस नावाची जी ग्रंथी नव्या टी-पेशींची भरती करते, ती वयाबरोबर आटत जाते. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये कॉर्नेलिया वेयांड, यॉर्ग गोरोन्झी आणि त्यांचे सहकारी यांनी २००० साली आमवाताच्या रुग्णांच्या टी-पेशींची परीक्षा प्रसिद्ध केली. टेलोमिअर अकाली झिजलेले होते, आणि नव्या भरतीची खूण रुग्णाहून सुमारे वीस वर्षांनी वडील असलेल्या निरोगी माणसाइतकी उतरलेली होती. तिशीतल्या स्त्रीच्या रक्तात पन्नाशीचे सैन्य! माझी बहीण मला नेहमी म्हणे, “दादा, मी आईपेक्षा म्हातारी झाले.” मला ती अतिशयोक्ती वाटे.

आता वजनाकडे येतो. चरबी म्हणजे गोदामात पडून राहिलेले धान्य, अशी आपली जुनी समजूत. ती खरी नाही. १९९३ साली प्राण्यांच्या चरबीत टी.एन.एफ. नावाचे दाह उत्पन्न करणारे द्रव्य तयार होते असे आढळले. पुढल्याच वर्षी न्यूयॉर्कच्या जेफ्री फ्रीडमन यांनी चरबीतून निघणारे लेप्टिन शोधून काढले. म्हणजे चरबी हे गोदाम नसून चालता कारखाना आहे, आणि पोटाच्या आत साठलेली चरबी त्यात सर्वांत उद्योगी. योगायोग पाहा. आमवाताच्या सांध्यात ज्या द्रव्याने आग लावलेली असते, ते मुख्यतः हेच टी.एन.एफ.! लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी यांनी १९९२ पासून रुग्णांवर त्याविरुद्धचे औषध वापरून पाहिले आणि त्यातून आजची महागडी पण गुणकारी इंजेक्शने निघाली. एकीकडे डॉक्टर ते द्रव्य दाबण्यासाठी इंजेक्शन देतात, आणि दुसरीकडे वाढलेली चरबी तेच द्रव्य तयार करीत असते. स्थूल रुग्णांत रोग पुरता शांत होण्याचे प्रमाण कमी का, याचे एक उत्तर येथे सापडते.

चरबीचा आणि पेशींच्या वयाचा संबंध २००५ साली लंडनमध्ये १,१२२ स्त्रियांच्या पाहणीत दिसला. १८ ते ७६ वयाच्या या स्त्रियांत, स्थूल स्त्रियांची टेलोमिअर सडपातळ स्त्रियांच्या मानाने आखूड होती. फरक सुमारे ८.८ वर्षांच्या वार्धक्याइतका होता. त्याच पाहणीत रोज एक पाकीट याप्रमाणे चाळीस वर्षे सिगारेट ओढणाऱ्यांची झीज ७.४ वर्षांइतकी भरली. धूम्रपान हे तर आमवाताचे पक्के ठरलेले बाह्य कारण आहे, हे आपल्यापैकी संबंधितांनी लक्षात घ्यावे. त्या पाहणीतील स्त्रिया आमवाताच्या रुग्ण म्हणून निवडलेल्या नव्हत्या. पण ज्या घरात रोगाने एक चूल पेटविली आहे, त्या घरात वजनाने दुसरी पेटवावी, यात हित नाही, एवढे तर्काने कळते.

येथवर ऐकून कोणी म्हणेल, मग मास्तर, तुम्ही बहिणीला सांगितले तेच खरे ठरले की! नाही. येथेच माझी चूक आहे, आणि ती दुहेरी आहे.

पहिली चूक वजन कशाला म्हणावे याची. आपण गुंज, मासा, तोळा यांत वाढलेली माणसे. माझे वडील सांगत, की काटा फक्त भार सांगतो, कस सांगत नाही. कस पाहावयाचा तर दागिना कसोटीच्या दगडावर घासावा लागतो. देहाचेही तसेच आहे. किलोतले वजन मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागले की जो आकडा येतो त्याला बी.एम.आय. म्हणतात. हे गणित बेल्जियमच्या केटले या विद्वानाने एकोणिसाव्या शतकात मांडले. परंतु २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रात एक छायाचित्र प्रसिद्ध झाले. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. दोघांचा बी.एम.आय. अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! भार एक, कस निराळा. म्हणूनच भारतीय माणसासाठी मर्यादा खाली आणल्या आहेत. बी.एम.आय. २३ च्या पुढे गेला की वजन जास्त आणि २५ पासून स्थूलपणा मानावा. कमरेचा घेर पुरुषाने ९० व स्त्रीने ८० सेंटिमीटरच्या आत राखावा.

आमवाताच्या रुग्णांत तर काटा अधिकच फसवितो. दीर्घकाळ चाललेला दाह स्नायू खातो. हालचाल कमी झाल्याने स्नायू आणखी वितळतात, आणि त्यांची जागा चरबी घेते. वजन तेवढेच दिसते, परंतु सोने जाऊन त्या जागी हिणकस भरलेले असते. म्हणून अशा रुग्णाने उपास करून नुसते वजन उतरविणे धोक्याचे आहे. त्यात पहिला बळी उरल्यासुरल्या स्नायूंचा जातो. फार बारीक होत चाललेल्या रुग्णाचीही तितकीच काळजी घ्यावयास हवी.

दुसरी चूक कारणाची. बहिणीचे वजन जिभेने वाढविले नव्हते. ते त्या पुड्यांनी वाढविले होते. वजन फार वाढले म्हणून आमच्याच आग्रहावरून तिने एके दिवशी पुड्या एकदम बंद केल्या. चौथ्या दिवशी ती न्हाणीघरात कोसळली. नाडी लागेना. आम्ही तिला तालुक्याच्या गावी हलविले. तेथील डॉक्टरांनी चेहरा पाहताच विचारले, “स्टेरॉइड किती वर्षे चालू आहे?” आम्हांस तो शब्दही माहीत नव्हता. पुडीत काय आहे हे देणाऱ्याने कधी सांगितले नव्हते आणि आम्ही कधी विचारले नव्हते.

स्टेरॉइड हे विष नव्हे. १९४८ साली मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवाताने खिळलेल्या एका स्त्रीला कॉर्टिसोन दिले आणि ती चालू लागली. १९५० चे नोबेल पारितोषिक या कार्याला मिळाले. योग्य मात्रेत, मोजक्या दिवसांसाठी, डॉक्टरांच्या नजरेखाली ते आजही प्राण वाचविते. परंतु बेहिशेबी घेतले तर ते भूक वाढविते, चरबी चेहऱ्यावर, मानेवर व पोटावर साठविते, स्नायू आणि हाडे ठिसूळ करते, साखर वाढविते. शिवाय शरीरातील ज्या ग्रंथी असे द्रव्य स्वतः तयार करतात, त्या बाहेरचा पुरवठा पाहून काम सोडून देतात. म्हणून ते एकाएकी बंद केले तर शरीर उघडे पडते आणि प्राणावर बेतते. बहिणीच्या बाबतीत तेच झाले. ती वाचली, ही ईश्वराची आणि त्या डॉक्टरांची कृपा.

म्हणजे हे चक्र असे फिरते. रोगाने सांधे दुखतात, दुखण्याने हालचाल थांबते, औषधाने भूक वाढते, यांतून वजन वाढते, वजनाने दाह वाढतो, आणि दाहाने पेशी लवकर म्हाताऱ्या होऊन पुन्हा दाहाचीच भर घालतात. या चक्रात अडकलेल्या बाईला “जीभ आवर” असे सांगणारा मी भाऊ!

आता उपाय काय, असा प्रश्न साहजिक आहे. सांगण्यापूर्वी एक सावधगिरीची सूचना करतो. टेलोमिअर लांबवून देतो, वय उलटे फिरवितो, असे म्हणून गोळ्या विकणारे लोक निघाले आहेत. त्यांच्या नादी लागू नये. टेलोमरेज फुकट वाटून चालत नाही, कारण बहुसंख्य कर्करोगाच्या पेशी याच द्रव्याच्या जोरावर बेसुमार वाढतात. टेलोमिअर मोजून एकट्या माणसाचे आयुष्यही सांगता येत नाही. एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांत त्यांची लांबी पुष्कळ निराळी असते. ती जन्मपत्रिका नव्हे.

खाणे कमी केल्याने वार्धक्य थांबते काय? अमेरिकेत सडपातळ, निरोगी माणसांना दोन वर्षे कमी आहारावर ठेवून पाहिले. पंचवीस टक्के कमी खावे असे ठरले होते, प्रत्यक्षात सुमारे बारा टक्के जमले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत वार्धक्याचा वेग एका मापाने दोन-तीन टक्क्यांनी मंदावलेला दिसला, इतर मापांत फरक आढळला नाही. लाभ आहे, पण चमत्कार नाही.

सांध्यांचा आणि कातडीचा लाभ मात्र अधिक स्पष्ट आहे. स्वीडनमधील गोटेन्बर्ग येथे सोरायसिसबरोबर सांधे धरलेल्या स्थूल रुग्णांचे वजन डॉक्टरांच्या देखरेखीखाली उतरविले, तेव्हा सहा महिन्यांत त्यांचे दुखरे सांधे कमी झाले. हे २०१९ साली प्रसिद्ध झाले. रुग्ण थोडेच होते, तरी दिशा कळते. आणि गुडघ्यांचा हिशेब तर व्यापाऱ्याला पटेल असा आहे. झिजेच्या गुडघेदुखीच्या रुग्णांवरील मापनात, शरीराचे वजन एक किलोने उतरले की प्रत्येक पावलामागे गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो असे दिसले. दिवसाची पावले मोजावीत आणि बेरीज करावी.

माझ्या बहिणीने काय केले ते सांगतो. सांधेतज्ज्ञ डॉक्टरांनी स्टेरॉइडची मात्रा महिनोन्‌महिने थेंबाथेंबाने उतरविली. मुख्य औषध म्हणून मेथोट्रेक्सेट दिले. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यावयाची असते. रोज घेतल्यास जिवावर बेतते, म्हणून तिच्या घरी दिनदर्शिकेवर त्या वाराभोवती लाल वर्तुळ असे. रक्ताची तपासणी तिने एकदाही चुकविली नाही. भात-साखर आटोक्यात आणली, डाळ, उसळ, दूध आणि अंडी वाढविली. सूज उतरलेल्या दिवसांत ती रोज चाले आणि पाण्याने भरलेल्या लहान बाटल्या उचलून हातांचा व्यायाम करी. तीन वर्षांत वजन ५२ किलोंवर आले. तिची वाकडी झालेली दोन बोटे सरळ झाली नाहीत, होणारही नाहीत. परंतु तिसरे बोट वाकडे झाले नाही.

भगिनींनो आणि बंधूंनो, औषध डॉक्टर देतील. पण एक गोष्ट त्यांच्या हाती नाही, ती आपल्या हाती आहे. २००४ साली अमेरिकेत एलिसा एपेल आणि एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांनी काही मातांची तपासणी केली. त्यांतील पुष्कळजणी दीर्घ आजारी मुलांची शुश्रूषा करीत होत्या. ज्यांच्या मनावर सर्वांत अधिक ताण होता, त्यांची टेलोमिअर कमी ताणाच्या स्त्रियांहून किमान दहा वर्षांच्या वार्धक्याइतकी आखूड होती. मनाचा जाच पेशीपर्यंत पोहोचतो. पंगतीतला एक विनोद कोणाच्या पेशीची किती अक्षरे खातो हे मला सांगता येणार नाही. पण त्या विनोदाने माझी बहीण अकरा वर्षे घरात बसली, हे मात्र मी डोळ्यांनी पाहिले आहे.

म्हणून मंडळापुढे मी तीन विनंत्या ठेवतो. पहिली, आपल्या पंगतीतील आग्रह आवरावा. ‘नको’ म्हणणाऱ्याच्या ताटात जिलेबी टाकणे याला आपण आदरातिथ्य समजतो. आजाऱ्याला ती शिक्षा असते. ज्यांना खाली बसवत नाही त्यांच्यासाठी न मागता खुर्ची मांडलेली असावी. दुसरी, कोणाच्याही वजनावर, जाडेपणावर तसेच बारीकपणावर, चारचौघांत बोलू नये. विचारावयाचे तर एकांतात विचारावे, आणि औषध चालू आहे काय एवढेच विचारावे. तिसरी सर्वांत अवघड. मुलीला असा आजार आहे हे स्थळ बिघडेल म्हणून आपण लपवितो. लपविण्यासाठी मोठ्या दवाखान्यात जात नाही, गुपचूप पुड्या आणतो. पहिली काही महिन्यांची अमूल्य मुदत, जिच्यात औषधाने सांधे वाचतात, ती याच लपवाछपवीत निघून जाते. ज्या घरात असा आजार आहे त्या घराने तो उघड सांगावा, आणि ऐकणाऱ्या घराने तो मधुमेहाइतक्याच शांतपणे ऐकावा. आजार आटोक्यात असेल तर अशी मुलगी संसार करते, मुले वाढविते. फक्त अपत्याचा विचार करण्यापूर्वी डॉक्टरांकडून औषधे बदलून घ्यावी लागतात, कारण मेथोट्रेक्सेट गर्भाला घातक असते.

माझे वडील शेगडीपुढे बसून काम करीत तेव्हा म्हणत, की अजाण माणूस सोन्याचा रंग पाहतो, जाणता कस पाहतो. चाळीस वर्षे मुलांना गुण देणाऱ्या मला माझ्या सख्ख्या बहिणीचा कस ओळखता आला नाही. मी काट्याकडे पाहात राहिलो.

ती आज या सभागृहात आहे. उजवीकडे, खांबाजवळच्या खुर्चीवर. पुष्कळ वर्षांनी ती ज्ञातीच्या कार्याला आली आहे. कृपा करून कोणी तिच्याकडे वळून पाहू नये. तिची अट मी आधीच सांगितली आहे. दुपारच्या पंगतीत ती आपल्याबरोबर बसेल. तिला जिलेबी एकच वाढावी, आणि दुसरीसाठी आग्रह करू नये, एवढेच सांगून मी आपली रजा घेतो.